कपड्यांना हवा

लाँड्रीत काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. मळक्या कपड्यांबरोबर ते आपोआप येतात. आमची लाँड्री छावणीत. मालक दिलीपदादा, आणि कामाला मी, रफिकभाई, वत्सलाबाई आणि मिलिंद.

एका बंगल्यातून दर आठवड्याला इतके पांढरे शर्ट यायचे, की तिथं होस्टेल असेल असं आम्हाला वाटायचं. मिलिंद पोचवायला गेला आणि चक्रावून परत आला. "एकच माणूस राहतो तिथं. तोही बनियनवर बसला होता!"

*

रफिकभाईंना एकदा एका साहेबांच्या शेरवानीच्या खिशात काजूकतली सापडली, लग्नातली, टिश्यूत गुंडाळलेली. खिशातलं सगळं परत करायचं हा दादांचा नियम. पण काजूकतली कोण परत करतं? आम्ही वाटून खाल्ली. तेवढ्यात साहेबांच्या बायकोचा फोन. "यांना शुगर आहे. खिशात गोड काही सापडलं का?"

रफिकभाई तोंड पुसत म्हणाले, "नाय मॅडम, खिसा एकदम साफ है."

शेरवानी न्यायला साहेब स्वतः आले. जाताना काउंटरवर मिठाईचा पुडा ठेवून गेले.

*

वत्सलाबाईंचा जीव पैठण्यांवर. एकदा घडी घालता घालता एक पैठणी खांद्यावर टाकून त्या आरशापुढे उभ्या राहिल्या. दादा म्हणाले, "वत्सलाबाई, ठेवा ती."

"ठेवलीच की, अंगावर."

दादा गेल्यावर, ही चोरी व्हय का नाय, यावर आमच्यात वाद पेटला. निकाल रफिकभाईंनी दिला. "अमीर के कपाट में कपडे का दम घुटता. अपन हवा देते." तेव्हापासून आम्ही कपड्यांना फक्त हवा देतो.

*

पडेगावची एक मुलगी मिलिंदच्या मनात भरली होती. तिचाही होकार होता. राहिले तिचे वडील, आणि त्यांनी आधीची दोन स्थळं "राहणीमान बरं नाय" म्हणून परत पाठवलेली. मग मिलिंदने एका बिल्डर शेठचा जोधपुरी सूट हवेला काढला. दादांना कळलं असतं तर नोकरीच गेली असती. तिच्या घरी सोबत मी गेलो.

पोहे आले, आणि पाठोपाठ तेच शेठ आले. मुलीचे वडील त्यांच्याच साईटवर सुपरवायझर. मुलगा कसा वाटतो ते सांगायला त्यांनी शेठना मुद्दाम बोलावलेलं. मिलिंदने बशी छातीशी धरून सूट झाकायला बघितलं.

शेठ त्याच्या शेजारी बसले. सूट वरून खाली बघितला. मग मिलिंदच्या मानेमागं हात नेऊन कॉलर जराशी उलटली. आत आमच्या लाँड्रीची शाईची खूण, आणि तिच्यापुढं शेठचं आडनाव. त्यांनी कॉलर पुन्हा नीट बसवली.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कसा काय वाटतो, शेठ?"

शेठनी पोह्यांची बशी हातात घेतली. "पोरगं चांगलं आहे. कपडे लई जपून वापरतं."