माठाखालचा पाटील

मधुकररावांपेक्षा त्यांचा उजवा हात हिंगणघाटात जास्त प्रसिद्ध होता. कापसातली सरकी काढणाऱ्या एका कारखान्यात, म्हणजे जिनिंगमध्ये, ते कापूस पाहायला होते. कापसाने भरलेली बैलबंडी फाटकातून आत आली की मधुकरराव बाही वर करायचे, हात कोपरापर्यंत खुपसायचे, तळातला मूठभर कापूस काढून दाबायचे, गालाला लावायचे आणि एकच शब्द बोलायचे. ‘कोरडा’ म्हटलं की बंडी पुढे जायची. ‘ओला’ म्हटलं की बंडीचा मालक आधी देवाची शपथ घ्यायचा, मग पोराची, आणि शेवटी पहाटे दव जरा जास्त पडलं होतं, असं कबूल करायचा. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणाऱ्यांनी या हाताला पुष्कळ शिव्या दिल्या असतील, पण तो चुकला असं कोणी म्हटलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शेठजींनी त्यांना शाल पांघरवली, तेव्हाही मधुकररावांनी तिचं टोक नकळत गालाला लावून पाहिलं होतं.

उभ्या जन्माच्या नोकरीचा परिणाम असा झाला की ओल हा प्रकारच त्यांना लबाडीचा वाटू लागला. घरात पाणी सांडलं की ते त्याच्याकडे संशयाने बघत. त्यांच्या पत्नी शोभाबाई म्हणायच्या, “तुमाले घरातलं काई समजत नाई, फक्त ओलं-कोरडं समजते.” मधुकररावांना ही स्तुती वाटायची.

शोभाबाईंनी एक कासव पाळलं होतं. त्यांचा भाऊ हरिदास ट्रक चालवायचा. हैदराबाद रोडवर कुठेतरी सापडलं म्हणून त्याने ते पिशवीत घालून आणलं होतं. जमिनीवरचं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. अंगणातून ते कोणाची पर्वा न करता चालायचं आणि येणारे-जाणारे आपणच बाजूला व्हायचे, म्हणून त्याचं नाव ‘पाटील’ पडलं. पाटलांचा मुक्काम मागच्या पडवीत, माठाच्या तिवईखाली. तिथे त्यांचं काय चालायचं, कोण काय करायचं, याची मधुकररावांनी कधी चौकशी केली नव्हती. घरात पाटील आहेत आणि ते शोभाबाईंच्या खात्यात येतात, एवढं त्यांना पुरेसं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं, दिपालीचं, बाळंतपण आलं. रीत माहेरी यायची. पण नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी या उन्हात प्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा शोभाबाईच तिकडे निघाल्या. बस स्टँडवर त्यांनी दूध, गॅस, कूलर, लोणच्याची बरणी असं सगळं दोनदा समजावलं. पाटलांबद्दल मात्र एकच वाक्य बोलल्या. “त्याले तिथंच राहू द्या. जागा नका हलवजा.”

मधुकररावांनी मान डोलावली. पण घरी आल्यावर ते आयुष्यात पहिल्यांदा तिवईपाशी वाकले, आणि सवयीने त्यांचा हात पाटलांच्या पोटाखालच्या मातीत गेला. ओला. एवढी वर्षं या मुक्या जिवाला बाईने चिखलात ठेवलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. दुपारपर्यंत त्यांनी पुढच्या खोलीत लाकडी खोका मांडला, ओळखीच्या जिनिंगमधून सरकी काढलेली स्वच्छ रुई आणली आणि तिची जाड गादी केली. असा कोरडा माल मुंबईच्या व्यापाऱ्यालाही मिळाला नसता. पाटलांना त्यावर बसवलं. माठाखाली गळणाऱ्या थेंबांसाठी एक थाळी ठेवली, म्हणजे तो घोटाळाही मिटला.

पाटलांनी चार दिवस भाजीला तोंड लावलं, मग सोडलं. डोळे खोल गेले. पायाची कातडी जुन्या चपलेसारखी दिसू लागली. पुढे तर त्यांनी मान आत घेतली ती घेतलीच. मधुकररावांची अडचण अशी की बैल आजारी पडला तर कळतो, माणूस तर सांगतोच; पण कासव मुळातच जे करत नाही, तेच आजारी पडल्यावरही करत नाही. मेलेलं आणि विचार करत बसलेलं कासव यांतला फरक त्यांना माहीत नव्हता.

फोन शेजारी, अनुसयाबाईंकडे होता. नागपूरहून फोन आला. शोभाबाईंनी दिपालीचं बरं असल्याचं सांगून विचारलं, पाटील काय म्हणते? मधुकरराव म्हणाले, मजेत आहे. अनुसयाबाई डाळ निवडत होत्या; त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला.

पाटील गेले तर शोभाबाई एक शब्द बोलणार नाहीत, हे मधुकररावांना ठाऊक होतं. त्यांना भीती तीच होती. लग्नापासून त्यांच्यावर सोपवलेली घरातली ही पहिली गोष्ट होती.

“भाऊजी, तो विष्णूचा अवतार हाये,” अनुसयाबाई फोन ठेवल्यावर म्हणाल्या. “महादेवाच्या देवळात दगडाच्या कासवावर लोक रोज पाणी टाकते. तुमी जित्याले कोरडं ठेवून राह्यले.” दगडाच्या कासवाला पाण्याने काय फरक पडतो, हा प्रश्न मधुकररावांनी मनात ठेवला आणि घरी येऊन तांब्याभर पाणी पाटलांवर ओतलं. पाटील हलले नाहीत. रुई मात्र ओली झाली. ती त्यांनी तातडीने टाकून कोरडी भरली.

मग ते खोका घेऊन जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पाटलांना उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, आणि हा प्राणी घरात ठेवायला कायद्याने मनाई असल्याचं सांगितलं. त्यावर उपाय काय, असं मधुकररावांनी विचारलं. कायद्यावर नाही, कासवावर. डॉक्टर म्हणाले, कासव पाण्यातलं, पाण्यात सोडा. हौद असेल तर उत्तम.

खात्री करावी म्हणून ते वणा नदीच्या पुलाखाली मासे विकणाऱ्या डोमाजीकडे गेले. त्याने खोक्यात डोकावून तोंड वाकडं केलं.

“हौदात टाकसान त दगडावानी बुडन,” तो म्हणाला. “हे रानातलं हाये जी. याले पाणी लागतच नाई. दव चाटते अन् जगते.”

“मग मरून काऊन राह्यला?”

“ते मले काय मालूम. मी मासोळीवाला.”

घरी येताना मधुकररावांच्या डोक्याचा पार गोंधळ झाला होता. देऊळ म्हणतं वरून ओता, सरकार म्हणतं आत बुडवा, नदी म्हणते लावूच नका. जिनिंगमध्ये असा वाद उठला की ते दोन्ही पक्षांच्या मधला भाव काढून देत. तो कोणालाच पटत नसे, म्हणून बरोबर समजला जाई. त्यांनी तेच केलं. परातीत बोट-दोन बोटं कोमट पाणी घेतलं, पूर्ण ओलंही नाही आणि कोरडंही नाही, आणि पाटलांना त्यात उभं केलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग कवचातून नाक आलं, त्यामागून मान आली, खूप लांब आली, आणि पाण्याला टेकली. गळा हलायला लागला. पाटील प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले, आणि मागून त्यांनी खडूसारखं काहीतरी पांढरं टाकलं. रुई खाल्ली वाटतं, असं मधुकररावांना वाटलं आणि नवीनच काळजी लागली.

रोज परातीतून निघाले की पाटील तरतरीत, आणि रुईत बसले की संध्याकाळपर्यंत पुन्हा जुनी चप्पल. रुईने अंगातलं पाणी ओढलं, हे सांगायला दुसरा कोणी लागला नसता. उभ्या जन्मात त्यांनी तेच तर पाहिलं होतं. पण चांगला माल वाईट करतो, हे मानायला मन तयार नव्हतं. शेवटी एका सकाळी ते तिवईपाशी जाऊन बसले. मातीत पाटलांच्या पोटाच्या आकाराचा खळगा तसाच होता. थाळी काढून त्यांनी खळग्याभोवती तांब्याभर पाणी टाकलं आणि ते मुरल्यावर हात घातला. माठाच्या बाजूला ओला. भिंतीच्या बाजूला कोरडा. मधुकररावांनी पुन्हा चाचपलं. एकाच मालाला दोन शब्द लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्यांनी पाटलांना खळग्यात ठेवलं. पाटलांनी डोकं कोरड्याकडे केलं, बूड ओल्याकडे, आणि बसले. दुपारी बघितलं तर बरोबर उलटे बसले होते. चौथ्या दिवशी त्यांनी काकडी खाल्ली. परातीने वाचले, की मातीने, की अनुसयाबाईंच्या तांब्याने, हे मधुकररावांना कळलं नाही. म्हणून त्यांनी तिन्ही चालू ठेवली.

दिपालीला मुलगी झाली. जून लागल्यावर शोभाबाई आल्या. पिशवी ठेवली, माठातलं पाणी प्यायल्या, आणि पेल्यात उरलेला घोट न बघता तिवईखाली टाकला. हे मधुकररावांनी हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा त्याला गबाळेपणा म्हटलं होतं. आता ते पेल्याकडे बघत राहिले.

शोभाबाई वाकल्या. पाटलांच्या मागच्या पायाच्या नखात काहीतरी अडकलं होतं. ते त्यांनी ओढून काढलं. रुईचा पुंजका.

“हे कुठून आलं?”

बंडीवाले काय काय शपथा घ्यायचे, ते सगळं मधुकररावांना एकदम आठवलं. “उडून आलं असन,” ते म्हणाले. “जिनिंगचं गाव हाये.”

हंगाम संपून सगळी जिनिंगं केव्हाच बंद झाली होती, आणि हे शोभाबाईंनाही माहीत होतं. त्यांनी पुंजका बोटांत दाबला, गालाला लावला.

“कोरडा,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

कोरडा म्हटलं की बंडी पुढे जायची. पण हा शब्द कापसाला होता की त्यांना, हे मधुकररावांना चहा येईपर्यंत कळलं नाही, आणि चहा आल्यावर विचारायची हिंमत झाली नाही. चहा संपवून ते पाणी प्यायले आणि उरलेला घोट त्यांनी तिवईखाली टाकला. पाटील थोडे सरकले.