डबा मागे का पळत नाही?

ओरछा गेटजवळचे अप्पा शिकवता शिकवता मध्येच थांबून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी लगेच ‘हो’ म्हणायची. झाशीतल्या आम्हा मराठी घरांतल्या पोरांची ही खोडच. मराठी अर्धी कळते, मोठ्यांना परत विचारायची लाज वाटते, मग आपलं ‘हो’ म्हणून मोकळं व्हायचं. अशीच ‘हो हो’ करत मी बारावीला फिजिक्समध्ये आपटले. कंपार्टमेंटचा, म्हणजे फेरपरीक्षेचा, पेपरही गेला असता, तर वर्ष पाण्यात!

अप्पा निवृत्त मास्तर, माझी त्या पेपराची तयारी करून घ्यायचे. एकदा त्यांनी पुस्तकांनी भरलेला पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. त्याला बांधलेली सुतळी टेबलाच्या कडेच्या पुलीवरून खाली सोडली, टोकाला पिशवी लटकवली आणि तिच्यात बरुआसागरच्या आल्याचा एक गड्डा टाकला. डबा ढिम्म.

“घर्षण किती?”

मी पाठ केलेलं सूत्र लावलं. “वीस न्यूटन.”

“पिशवी पुढे ओढतेय दोननं, घर्षण मागे खेचतंय वीसनं. मग डबा मागे का पळत नाही गं?”

“हो,” मी म्हटलं.

अप्पांना हसता हसता ठसका लागला. “हो काय? प्रश्न विचारलाय मी, पोरी!”

मला रडूच फुटलं. “अप्पा, सच में कुछ समझ नहीं आ रहा.”

“शाबास! आता शिकवता येईल.” ते पिशवीत आलं टाकत गेले. “घर्षण स्वतःहून कुणाला ओढत नाही बेटा, नुसतं अडवतं. तुम्ही जेवढं ओढाल तेवढंच. तुझे वीस ही त्याची शेवटची ताकद. ती संपली, की संपलं.” तेवढ्यात डबा सरकला आणि पिशवी धप्पकन खाली आपटली.

मी पास झाले, काठावर. पेढे घेऊन गेले तेव्हा अप्पा अंथरुणाला खिळलेले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “पेपरात दोन पुलींचं आलं होतं का गं? एक अडकवलेली, दुसरी दोरीतच वरखाली होणारी? मी मूळचा केमिस्ट्रीचा. जागा रिकामी होती म्हणून फिजिक्स गळ्यात पडलं. ते गणित मला कधीच कळलं नाही. कुणाला विचारणार? मास्तर ना मी!”

पेपरात ते आलं होतं, पण मलाही अर्धंच जमलं होतं. तेवढं मी त्यांना वहीवर काढून दाखवलं. पुढचं आम्ही दोघं रोज थोडं थोडं सोडवत बसायचो, चुकायचो, भांडायचो. आठ दिवसांनी अप्पा गेले. वही माझ्याकडे आहे, आणि त्या गणिताची पुढची ओळ मला अजून सुचलेली नाही.