सवलतीच्या वेळातली वीजचोरी

मोठमोठे गुन्हे विसरलो, पण मोरव्यातली ती वीजचोरी आजही आठवते.

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ऐन उन्हाळ्यात एक तरुण तक्रार घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आला. मोरव्यात दोघा भावांचं घर, मधे भिंत, विजेची मीटरं दोन. अशी दोन मीटरं आमच्या भागात घरोघरी आहेत. युनिटं वाटली गेली की दोन्ही बिलं कमी दराच्या टप्प्यात राहतात. भांडण झालं आणि हा धाकटा बायकोला घेऊन कल्याणला भाड्यानं गेला. जाताना आपल्या भागाला कुलूप लावलं.

"साहेब, घर बंद आहे आणि बिल वाढतंय. वरच्या दरात गेलंय. भाऊच माझी लाईट चोरतोय. गुन्हा दाखल करा."

थोरल्याला बोलावलं. मासेमारी करणारा, आडदांड गडी. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला, "मीच चोरली. रातीला त्याचा एसी लावून झोपतो मी. लिवा."

इतक्या लवकर कबूल होणाऱ्या माणसावर मी कधी विश्वास ठेवला नाही. नवं मीटर कुठल्या तासाला किती वीज गेली ते मोबाईलवर दाखवतं. धाकट्याला ते उघडायला लावलं. रात्री सगळं शांत! वीज जात होती ती फक्त दिवसा, युनिटला सूट असते त्या वेळात. चोराला सवलतीशी काय देणंघेणं? हा कुणीतरी धाकट्याच्या खिशाला जपणारा माणूस होता. "कुणाला पाठीशी घालतोयस?" म्हटल्यावर थोरल्यानं तोंडच फिरवलं.

दुपारी धाकट्याला घेऊन मी मोरव्यात गेलो. पुढं कुलूप होतं, मागचं दार नुसतं लोटलेलं. आत एसी चालू होता आणि त्यांची आई गोधडी पांघरून, कुडकुडत बसली होती.

"मला कुठं सोसतंय हे गार वारं?" ती मला म्हणाली. "पन माज्या पोराला उकाडा न्हाय सहन होत. कवा उन्हातून येईल, काय सांगावं? रातीला न्हाय लावत मी. दिवसा लाईट स्वस्त हाय, मोठी सून सांगते. त्याला बिल जास्त नको पडायला."

मग तिला माझ्यामागं उभा असलेला धाकटा दिसला. तो रडतच म्हणाला, "आये, रात्रीपण लाव. येऊ दे किती येतं ते बिल."

"बिलाचं राहू दे," ती म्हणाली. "तू घरी कवा येतोस, ते सांग."

आयुष्यभर मी लोकांकडून उत्तरं काढून घेतली, पण तिथं माझं काम नव्हतं. मी बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. तक्रार त्यानं त्याच दिवशी मागं घेतली.

चोरीमागे हाव किंवा गरज असते, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. माया राहून गेली होती, ती त्या बाईनं शिकवली. आता मला वेळच वेळ आहे. कधीही निघावं आणि गावी जावं. पण कधी येतोस, असं विचारणारं तिथं कुणी उरलेलं नाही.