फाल्गुनातला चुना

दहिवलीहून शेजाऱ्यांचा फोन आला, ‘वहिनी गेल्या.’ तेराव्याला जो तो म्हणत होता, बाई आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. मी मान डोलावली. एकदा बोलली होती, आणि त्या खोट्यात नवरी मी होते…

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. भिवपुरीच्या वीजघरात कामाला असलेल्या माझ्या दादाला क्षय झाला. घाटावरच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं तर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि तिथला खर्च घर विकल्याशिवाय झेपणारा नव्हता. पण क्षयाचं घर घेणार कोण? आमच्या दारावरून जाताना लोक तोंडाला धोतराचा सोगा लावत. म्हणून वहिनीनं गिऱ्हाईक गाठलं ते लांबचं, खालापूरकडचं, ज्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मग पदर खोचून ती घराला भिडली. दादाचं अंथरूण जाळलं, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी दिली, जमीन उखणून नव्यानं सारवली. दादा निजायचा त्या मागच्या खोलीला तर तिनं चुन्याचे हातावर हात दिले. चुन्यानं रोग मरतो, असं ती मला सांगत होती. खरं तर स्वतःलाच सांगत असावी. गिऱ्हाईक यायच्या दिवशी दादाला सकाळीच शेजारच्या गोठ्यात नेऊन बसवलं. ‘खोकला आला तर तोंडात पंचा कोंबीन,’ तो म्हणाला, ‘तू नको घाबरू.’

बैलगाडीतून एक म्हातारा शेतकरी आला, बरोबर सून आणि तिच्या कडेवर पोर. म्हाताऱ्यानं भिंतीवरून हात फिरवला आणि पांढरा झालेला पंजा न्याहाळला. ‘चुना तर दिवाळीला काढतात. फाल्गुनात कसा गं? कोन आजारी हाय का घरात?’

वहिनी हसली. ‘नाय वो बाबा. ह्या माझ्या नणंदेचं लगीन ठरलंय. त्यासाठीच तर घर विकाया काढलंय.’ लग्नघराला चुना लागतोच, म्हाताऱ्याचं समाधान झालं. मला वाकून नमस्कार करावा लागला, आणि ‘सुखी ऱ्हा पोरी’ म्हणत त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘घर पसंत हाय. पाडव्याला बोलनं पक्कं करू.’

तेवढ्यात सुनेनं पोराला मागच्या खोलीत खाली सोडलं. ते रांगत भिंतीशी गेलं, हात टेकून उभं राहिलं आणि भिंत चाटायला लागलं. सून हसली, ‘माती खायाची सवयच हाय मेल्याला.’ मी वहिनीकडे बघितलं. तिनं पदराचं टोक मुठीत पिळलं होतं. गोठ्याकडून काहीच आवाज नव्हता. दादा शब्द पाळत होता. मी मनात देवाला म्हणत होते, आता हिला गप्प ठेव… आणि वहिनीनं झेप घालून पोर उचललं, न्हाणीवर नेलं, त्याचं तोंड, हात खसाखसा धुतले. पोरानं टाहो फोडला.

‘बाय, ह्याला घेऊन भायेर जा. ह्या खोलीत माझे मालक निजत व्हते. त्यांना क्षय हाय.’

म्हाताऱ्यानं गाडी जुंपली आणि ते निघून गेले. मला वहिनीचा संताप आला होता. आम्ही गोठ्यात गेलो तेव्हा दादानं तोंडातला पंचा काढत विचारलं, ‘पसंत पडलं?’

‘पडलं व्हतं,’ म्हणून वहिनीनं त्याला पोराचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ खोकला. मग तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. ‘चल, घरी जाऊ.’

ज्येष्ठात दादा गेला. माझा राग मात्र गेला नाही, अजूनही पुरता गेलेला नाही. एकदा न राहवून बोललेच, ‘गप्प राहिली असतीस तर दादा वाचला असता.’ भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाली, ‘वाचले असते गं.’ एवढंच… त्या घरात ती एकटी राहिली. आळीतल्या पोराबाळांचा तिच्याकडे राबता असे, पण रांगतं मूल मागच्या खोलीकडे वळलं की ती हातातलं काम टाकून त्याला उंबऱ्यावरच उचलून घ्यायची. खोलीला मग किती चुने लागले, तरी हे चुकलं नाही.

तेरावं आटोपून मी निघताना शेजारची सून मागच्या खोलीतून माझी पिशवी आणायला गेली. दारापाशी थांबली, कडेवरचं मूल माझ्याकडे दिलं आणि मगच आत शिरली.