बोर्ड स्थिर हाय

स्पर्धेत कॅरमच्या बोर्डासमोर बसलं की त्रिशलाअक्का लगेच स्ट्रायकर हातात घेत नसत. आधी पिशवीतून लांब मानेचा स्टँड काढायच्या, त्याला मोबाइल अडकवायच्या, पडद्यावर सगळा बोर्ड मावतो का ते वाकून पाहायच्या. मग समोरच्या खेळाडूला विचारायच्या, "पावणं, हरकत न्हाय न्हवं? तुमचा खेळ टिपत न्हाय. माझ्या चुका टिपायच्या हाईत."

अक्का आमच्या कार्यालयात आवक-जावक टेबलावर होत्या. मूळ गाव कर्नाटकाच्या सीमेवरचं. लग्न केलं नव्हतं. कळंब्याला भावाच्या कुटुंबात राहायच्या. मी गारगोटीजवळच्या खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणाशी काय बोलावं हे न कळून मी दाराशीच उभा होतो, तेव्हा त्यांनीच हाक मारली. "उभा का? ये की तम्मा, बस. कॅरम येतोय का?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पुढं नावानं त्यांनी मला कधीच हाक मारली नाही. आंतरविभागीय स्पर्धेत दुहेरीसाठी मी त्यांचा जोडीदार झालो.

पहिल्याच वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अक्कांनी मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि भाकरी मोडता मोडता कालचा सामना लावला. मी म्हणालो, "अक्का, दिवा माझ्या डोळ्यांवर येत होता."

"आपल्याला हरवल्याल्या त्या पाटलाच्या डोळ्यावर काय चंद्र हुता? दिवा सगळ्यास्नी एकच हाय. गप बघ, मी कुठं चुकलो ते मी सांगतो, तू कुठं चुकलास ते तू सांग."

आमच्याकडच्या बायका बोलतात तशाच त्या बोलायच्या, 'मी चुकलो', 'मी खेळतो'. पण आपली चूक इतक्या सहज मोठ्यानं सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. शाळेत चूक म्हणजे छडी आणि घरी चूक म्हणजे बापाच्या कष्टाचं पाणी करणं, एवढंच मला माहीत. चुकीसमोर बसून निवांत भाकरी खाता येते, हे मला त्या डब्याजवळ कळलं.

जिंकलेला सामना त्या संध्याकाळीच पुसून टाकत. "जिंकल्यालं काय बघायचं? ते लोक सांगत्यातच की." हरलेले तेवढे ठेवत, आणि मलाही पाठवत. त्या सगळ्या चित्रणात माणसाचा चेहरा कुठंच नाही. बोर्ड, सोंगट्या, स्ट्रायकर लावणारे हात आणि बाहेरून येणारे आवाज. शेवटी अक्कांचा हात मोबाइलकडे येतो, "बास" असं ऐकू येतं आणि पडदा काळा होतो.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना त्यांचे डावीकडचे फटके कमी पडू लागले. सरळ जाणारी सोंगटी पॉकेटच्या ओठावर थांबायची. कुणी पावडरीला दोष दिला, कुणी स्ट्रायकर बदलायला सांगितलं. अक्कांनी एका दुपारी मला आणि शेजारच्या टेबलावरच्या शिंद्यांना बोलावलं आणि एकच फटका परत परत दाखवला. स्ट्रायकरमागचं बोट नेम धरताना थरथरत होतं.

शिंदे जोरात म्हणाले, "मॅडम, फोन हललाय तुमचा. स्टँड जुना झाला."

"शिंदे, फोन हलला असता तर बोर्डबी हलला असता. त्या कोपऱ्यातलं पॉकेट बघा. बोर्ड स्थिर हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तम्मा, तुला काय दिसतंय?"

घास माझ्या हातातच होता. मी म्हणालो, "बोट हलतंय, अक्का."

"बास. एवढंच कुणीतरी म्हणायला पायजे हुतं."

तेच चित्रण त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. कंपवाताची सुरुवात होती. गोळ्यांनी आटोक्यात राहील, जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भावानं खेळ बंद करायला सांगितलं. अक्कांचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी कळलं. "हात माझा हाय तवर खेळतो. दुसऱ्यानं धरून खेळवायची पाळी आली की थांबतो."

पुढच्या वर्षी आम्ही कधी नव्हे ते उपांत्य फेरीत पोचलो. शेवटच्या डावात राणी अक्कांच्या समोर, सोप्या जागी आली होती. माझ्या बाजूनं ती अवघड होती, पण पाळी माझी होती. मधल्या गड्याला मिळणार नाही असा फटका मारून ती अक्कांसाठी सोडायची, हे मला दिसत होतं. मला त्यांचा हातही दिसत होता. मी राणीवर फटका मारला. राणी पडली नाही, आणि आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर तो फटका आला तेव्हा त्यांनी चित्र थांबवलं.

"ही राणी माझी हुती."

मी भाकरी खाली ठेवली.

"मी मारली असती, पडली नसती, तर ती माझी चूक झाली असती. तू माझी चूक माझ्याकडनं काढून घेतलीस, तम्मा." आवाजात राग नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर वाढली. वाढताना चमचा हलत होता. मी मदतीला हात पुढं केला नाही.

तो त्यांचा शेवटचा सामना ठरला. निवृत्तीनंतरही त्या माझे सामने मागवून घेत आणि फोनवर बोलत. पुढं बोलणं अस्पष्ट झालं, तरी "दिवा सगळ्यास्नी एकच हाय" हे वाक्य मला नेहमी नीट कळायचं. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि अक्का गेल्या.

कार्यालयातल्या शोकसभेत त्यांचा एखादा सामना दाखवावा असं ठरलं. शिंदे मला बाजूला घेऊन म्हणाले, "जुना लाव रं. हात चांगला हुता तवाचा."

मी शेवटचा लावला.

भिंतीवर बोर्ड आला, पाठोपाठ त्यांचा हात. नेम धरताना बोट थरथरत होतं. राणी हुकली, डाव संपला, सोंगट्या गोळा झाल्या. मग तो हात पडद्याकडं येऊ लागला, मोठा होत गेला. बटण एकदा चुकलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा "बास" ऐकू आलं आणि भिंत काळी झाली.

अंधारात शेजारून शिंद्यांचा आवाज आला, "फोन हलला न्हवता रं त्या दिवशी. मलाबी दिसलं हुतं."