ठिगळ्याची जात

कुत्र्यांच्या निवाऱ्यात पिंजऱ्यांवरच्या पाट्या लिहायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे पाटीमावशी म्हणत. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव इतका सरळ, की सुनेची भाजी कशी झाली तेही खरं खरं सांगायच्या. म्हणून तर सून वेगळी राहते. पाटीवर नाव, वय, स्वभाव आणि खाली जात. लोक मात्र खालची ओळ आधी वाचत.

इथेच जन्मलेल्या ठिगळ्याच्या पाटीवर मावशींनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "जात: मिश्र." त्याला आता दोन वर्षं झाली. तांबूस अंगावर शिवल्यासारखा पांढरा डाग, एक कान उभा, दुसरा झोपलेला. स्वभाव असा की मांजर समोर आलं तर हाच बाजूला होणार. येणारे "गोड आहे हो!" म्हणत नि पुढे सरकत. शेजारच्या पिंजऱ्यात गेल्या महिन्यात एक अस्सल जातीचे महाराज आले. आल्या आल्या त्यांनी झाडूवाल्याची पोटरी फोडली, डॉक्टरांचा चष्मा चघळला. दुपारच्या आत त्यांना घर मिळालं, तेही दोन कुटुंबांची जुंपल्यावर. "तडफदार आहे!" नेणारे कौतुकाने म्हणाले.

अशात मॅनेजरने फर्मान काढलं: दोन वर्षं झालेली कुत्री सोमवारी शहराबाहेरच्या शेडमध्ये. तिथे जेवण टाकायला एक माणूस जातो, पाहायला कुणीच नाही. ठिगळ्याला घरी न्यावं, तर मावशींच्या नवऱ्याला दमा.

रविवारी सकाळी मावशींनी नवी पाटी लिहिली. जन्मात पहिल्यांदा अक्षर वाकडं आलं. "जात: उत्तर डोंगरी पाणशिकारी."

अकराच्या सुमारास एक जोडपं आलं. गॉगलवाल्या बाई पाटीपाशी थबकल्या.

"अहो, पाणशिकारी! माझ्या मावसबहिणीच्या साहेबांकडे आहे ना, तोच!"

"तो पांढरा होता," यजमान पुटपुटले.

"ते दक्षिणी!" बाईंनी परस्पर निकाल लावला. मग मावशींकडे वळून, "घराणं कसं आहे हो याचं?"

"आई फार शांत होती," मावशी म्हणाल्या. तेवढं खरं होतं. वडिलांचा विषय त्यांनी काढलाच नाही.

ठिगळ्या मागच्या सीटवर बसून गेला.

पंधरा दिवसांनी गॉगलवाल्या बाई एकट्याच आल्या, चेहरा लालबुंद.

"तुम्ही दिलेल्या यादीतल्या डॉक्टरकडे नेला होता. म्हणतो कसा, साधा मिश्र आहे! आंघोळीची बादली पाहून पलंगाखाली घुसतो, तो कसला पाणशिकारी?"

"मग... परत आणताय?" मावशींनी विचारलं.

"परत? काहीतरीच काय! आम्ही डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरने एका नजरेत ओळखलं. म्हणाला, असा नमुना त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्या पहिल्याचं नाव आधी यादीतून काढा बघू!"

मावशींनी लगेच पेन उचललं.