पत्त्यातला शेवटचा शब्द

डिंगोऱ्यातली आमची विहीर सामाईक आहे, आमच्यात आणि चुलत्यांत. पुण्यातल्या कंपनीचं काम मी घरून करतो, म्हणून मोटार मोबाइलवर घ्यायचं लचांड माझ्याच गळ्यात पडलं. मी एक छोटं वेब अॅप्लिकेशन लिहिलं. मेथड म्हणजे नाव दिलेलं छोटं काम. ब्राउझरमध्ये आलेल्या वेब-पत्त्यातला शेवटचा शब्द घ्यायचा आणि त्याच नावाच्या मेथडला हाक मारायची, एवढंच. 'चालू' आलं की चालू, 'बंद' आलं की बंद. जर-तरच्या ओळी लिहायचा मला मुळात कंटाळा. फ्रेमवर्कला, म्हणजे अॅप ज्या तयार सांगाड्यावर उभं असतं त्याला, नाव दिलं की ते शोधून काढतं, यावर मी लई खूश होतो.

लाइटीचा भरवसा नसतो. म्हणून पाण्याची पाळी कुणाचीही असो, लाइट आलेली ज्याला आधी दिसेल त्यानं मोटार चालू करायची, ही आमची जुनी पद्धत. मोबाइलवर आल्यापासून तर स्टार्टरपर्यंत कुणी जातच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात पंपाचं कपलिंग, म्हणजे मोटारीला जोडणारा फिरता सांधा, खडखडायला लागलं. आबा, म्हणजे माझे वडील, पाना घेऊन विहिरीतल्या कट्ट्यावर उतरले. "बंद ठेव रे," म्हणाले. मी पेजवरचं 'चालू'चं बटणच काढून टाकलं. बटण नाही तर दाबणार कोण?

लाइट आली. चुलतीनं बटण कधी वापरलंच नव्हतं. तिच्या व्हॉट्सअॅपवर 'चालू'नं संपणारा पत्ता होता, तिनं तोच दाबला. बटण गेलं होतं, पण मेथड जागेवरच होती.

खालून आबांची आरोळी आली. मी कसंबसं 'बंद' दाबलं. आबा वर आले तेव्हा सदऱ्याची बाही कोपरापर्यंत फाटली होती. हात शाबूत होता.

चुलती पळत आली. "तुमची पाळी व्हती, म्हणून चालू केली," म्हणाली आणि रडायलाच लागली. तिचं काय चुकलं? मला मात्र सगळ्यांचाच राग आला होता, फ्रेमवर्कचासुद्धा.

त्याच दुपारी मी कोड बदलला. दुरुस्ती चालू असताना 'चालू' कुठूनही आलं तरी नाकारायचं. चुलतीला पुन्हा पुन्हा पत्ता दाबायला लावला. मोटार हलली नाही.

कपलिंग अर्धवटच राहिलं होतं. सकाळी आबांनी पाना माझ्या हातात दिला.

"आता चालू व्हत न्हाई ना? मंग तूच उतर."

उतरलो. कोड माझा, तपासलेलाही मीच. पण कपलिंगकडे हात जाईना. वर बघून म्हणालो, "आबा, फ्यूज काढून खिशात ठेवा."